फक्त ट्रॅकवर चालणारी मोटरसायकल: आरसी ठेवावी, रद्द करावी, की आरसी नसलेलीच गाडी घ्यावी?

वळणवेडा

नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची केटीएम आरसी ३९० आहे. पासिंग पिंपरी-चिंचवडचे, म्हणजे एमएच-१४. गाडीचे नावही आरसी आणि कागदाचे, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचे, नावही आरसी, म्हणून गोंधळ टाळण्यासाठी पुढे गाडीला नुसते ३९० म्हणतो. ही गाडी आता रस्त्यावर जवळजवळ चालवतच नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर किंवा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे (पैसे भरून शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवण्याचा दिवस) असला की टेम्पोत घालून नेतो आणि तशीच परत आणतो. पुढचे दिवे, आरसे, इंडिकेटर आणि पाटी काढून फायबरचे रेस फेअरिंग, म्हणजे शर्यतीचे बाहेरचे आवरण, बसवण्याचा विचार आहे. त्यानंतर ती रस्त्यावर उतरणार नसेल, तर आरसी रद्द करून मोकळे व्हावे काय?

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. ओळखीतून ६०० सीसी वर्गातली, चार सिलिंडरची एक गाडी विकत मिळते आहे. विक्रेता म्हणतो की ती ‘ट्रॅक ओन्ली’ आहे, तिची नोंदणी कधी झालेलीच नाही, त्यामुळे आरसीचा प्रश्नच येत नाही. त्याच्याकडे एका इनव्हॉइसची झेरॉक्स आहे आणि तीही तिसऱ्याच माणसाच्या नावावर. किंमत मोहात पाडणारी आहे. ज्यांनी अशा गाड्या घेतल्या वा विकल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कलम_आणि_क्लच

मोटार अपघात दाव्यांच्या निमित्ताने या कायद्याशी रोजचा संबंध येतो, म्हणून कायद्याची बाजू मांडतो.

आपल्याकडे एक समज पक्का बसलेला आहे की खाजगी जागेत नोंदणी लागत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ३९ मात्र असे म्हणत नाही. नोंदणी नसलेले मोटार वाहन ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ चालवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे ट्रॅकला कुंपण आहे, दारावर पहारेकरी आहे, एवढ्यावर सुटका होत नाही.

सुटकेची वाट आहे ती कलम २ मधील ‘मोटार वाहन’ या संज्ञेच्या व्याख्येत. केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी अनुकूल केलेले विशेष प्रकारचे वाहन या व्याख्येतून वगळलेले आहे. होंडा एनएसएफ २५० आर हे याचे चांगले उदाहरण. २०१९ मध्ये ती होंडाच्या इंडिया टॅलेंट कप या शर्यतीत धावू लागली. ती जन्मतःच शर्यतीची गाडी आहे. तिला दिवा नाही, पाटीची जागा नाही, आणि रस्त्यासाठीची मान्यता तिच्या उत्पादकाने कधी मागितलेलीच नाही. अशी गाडी व्याख्येबाहेर आहे हा युक्तिवाद मजबूत आहे. पण रस्त्यासाठी बनवलेल्या, रस्त्यासाठी प्रमाणित झालेल्या ३९० चे दिवे काढले म्हणजे ती ‘विशेष प्रकारचे वाहन’ होते काय? मला वाटते, होत नाही. दिवे संध्याकाळी काढले तर सकाळी परत बसवता येतात.

खाणीतल्या डंपरांबद्दलचा बोलानी ओअर्सचा जुना निकाल आणि विशाखापट्टणमच्या पोलाद प्रकल्पाच्या आवारात चालणाऱ्या वाहनांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेला निकाल, हे दोन्ही अशा चर्चांत हमखास पुढे केले जातात. ते निकाल वाहनमालकांच्या बाजूचे आहेत हे खरे, परंतु त्यांत मुख्य वाद कराचा होता. आवाराबाहेर न जाणाऱ्या वाहनावर रस्ता वापरण्याचा कर का घ्यावा, हा प्रश्न वेगळा आणि नोंदणी लागते की नाही, हा वेगळा.

आता मालकीविषयी. मोटरसायकल ही जंगम वस्तू आहे आणि तिची मालकी मालविक्री अधिनियम, १९३० नुसार विक्रीच्या कराराने हस्तांतरित होते. आरसी हा मालकीचा भक्कम पुरावा आहे, पण मालकी आरसीतून जन्माला येत नाही. सातबाऱ्यावर नाव असणे आणि जमिनीचा हक्क असणे यांत जो फरक आहे, साधारण तोच येथे आहे. ज्या गाडीला आरसीच नाही तिच्या बाबतीत सगळा भार खरेदीच्या कागदांच्या साखळीवर येतो, आणि त्या साखळीतली एक कडी जरी तुटली तरी त्याच अधिनियमाचे कलम २७ आडवे येते: विकणाऱ्याकडे जो हक्क नव्हता तो विकत घेणाऱ्याला मिळत नाही. तुमच्या ६०० सीसीची झेरॉक्स तिसऱ्याच्या नावावर आहे. त्या तिसऱ्याने या विक्रेत्याला गाडी विकल्याचा कागद कोठे आहे?

टेम्पोभाडे

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी रस्त्यावरची बाजू सांगतो. माझ्याकडे आरसी नसलेली एक मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी) आणि आरसी असलेली एक ट्रॅकची गाडी, अशा दोन्ही आहेत आणि दोन्ही टेम्पोतून नेतो. ट्रॅकवर आजवर कोणीही माझ्याकडे आरसी मागितलेली नाही. ते हमीपत्रावर सही घेतात, हेल्मेट आणि सूट बघतात, तेल गळते का ते बघतात. कागद मागतात ते महामार्गावर.

टेम्पोत बांधलेली, पाटी नसलेली, झाकलेली मोटरसायकल दिसली की नाकाबंदीवरच्या हवालदाराच्या मनात पहिला विचार चोरीचा येतो आणि त्याचे तसे काही चुकत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १२४ नेमके यासाठीच आहे. ज्या मालाचा समाधानकारक खुलासा देता येत नाही तो जवळ बाळगणे हाच त्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. एका सहप्रवाशाची गाडी अशीच सातारा जिल्ह्यात उतरवून घेतली गेली. चोरीची नव्हती, पण मूळ बिल घरी कपाटात होते. नंतर न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर सोडवावी लागली, तोवर मोसम संपला होता.

तेव्हापासून मी एक फाईल टेम्पोतच ठेवतो. तिच्यात मूळ बिलाची साक्षांकित प्रत, चेसिस आणि इंजिनच्या क्रमांकांचे ठळक छायाचित्र, ट्रॅक डेच्या शुल्काची पावती आणि माझे ओळखपत्र असते. जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःची वापरलेली गाडी नेताना ई-वे बिल बंधनकारक नाही, तरी वाहतूकदाराकडून साधी बिल्टी करून घेतो. पोलिसाच्या हातात एक छापील कागद दिला की संभाषणाचा सूर बदलतो.

घाटातला_गिअर

एवढे सगळे कशाला? माझ्या माहितीतले निम्मे लोक जुनी गाडी घेतात, आरसी पहिल्या मालकाच्याच नावावर ठेवतात, पाटी काढून ट्रॅकवर चालवतात. कोण विचारतो?

निवृत्त_निरीक्षक

मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. ‘कोण विचारतो’ या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न मी टेबलाच्या पलीकडून फार ऐकला आहे.

ज्याच्या नावावर नोंद आहे तो कायद्याच्या दृष्टीने मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. गाडी विकून, पैसे घेऊन, ताबा देऊन झाला तरी नोंदवहीत नाव विक्रेत्याचेच राहिले असेल, तर अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे आपल्या निष्काळजीपणाचा धोका तुम्ही घेत नाही, तो ज्या सद्गृहस्थाने तुम्हाला विश्वासाने गाडी दिली त्याच्या गळ्यात घालता. उद्या तुमच्याकडून ती गाडी तिसऱ्याने घेतली, त्याने दिवे लावून शहरात फिरवली आणि कोणाला उडवले, तर समन्स त्या पहिल्या मालकाच्या दारी जाईल. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विक्रेत्याने १४ दिवसांत, राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत कळवायचे असते आणि खरेदीदाराने ३० दिवसांत. नमुना २९ आणि ३० भरायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेकडून नमुना ३५ घ्या आणि तो उतरवा. बोजा असलेली गाडी बँकेच्या संमतीशिवाय विकणे ही वेगळीच भानगड आहे.

आता वळणवेडा यांच्या ३९० बद्दल. रद्द करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करण्याची कल्पना अशी आहे की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले. तुमची गाडी तर ठणठणीत आहे, तेव्हा अर्जात कारण काय लिहाल? बरे, अर्ज केलाच, तर अनेक कार्यालयांत चेसिसवरचा क्रमांक कोरलेला तुकडा कापून जमा करायला सांगतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी दिली तर ती तुकडे होऊनच बाहेर येते. क्रमांक कापल्यावर उरलेली चौकट चोरीच्या गाडीपासून वेगळी ओळखता येणे अशक्य होते. इथे ट्रॅकवाल्यांची फसगत होते: आरसी रद्द करून ‘शुद्ध रेस बाईक’ होईल असे त्यांना वाटते आणि हातात अशी वस्तू उरते, जिची मालकी सिद्ध करण्याचा एकमेव धड खुणेचा आकडा त्यांनी स्वतःच सरकारजमा केलेला असतो. शिवाय एकदा रद्द झालेली नोंदणी पुन्हा जिवंत करणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणजे पुढचा खरेदीदार फक्त ट्रॅकवालाच असणार आणि त्या बाजारात किंमत किती पडते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

वळणवेडा

मनःपूर्वक आभार. दोन शंका. गाडी वापरात नाही असे कळवून आरसी ‘झोपवून’ ठेवण्याची काही सोय आहे काय? आणि माझी गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची आहे, तिला नवी उच्च सुरक्षा पाटी लावणे बंधनकारक आहे असे कळते. जी पाटी मी लावणारच नाही तिचे पैसे भरावेत काय?

निवृत्त_निरीक्षक

अवापराची सूचना ही सोय मुळात कराशी जोडलेली आहे. ज्यांचा कर तिमाही किंवा वार्षिक भरावा लागतो त्यांना तिचा उपयोग. खाजगी दुचाकीचा कर महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी एकरकमी घेतला जातो, त्यामुळे गाडी घरी उभी राहिली म्हणून तुमचे काही वाचत नाही आणि अशा सूचनेने नोंदणीच्या स्थितीत फरकही पडत नाही.

पाटीबद्दल सांगायचे तर लावून घ्या. दुचाकीसाठी करासह ५३१ रुपये, एवढाच तो खर्च. ती पाटी नसेल तर उद्या मालकी हस्तांतराचे किंवा बोजा उतरवण्याचे काम अडते. लावल्यावर काढून पेटीत ठेवा, ट्रॅकवर अर्थातच ती नको. परंतु पाटी काढलेल्या अवस्थेत सोसायटीच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा गाडी चालवू नका.

कलम_आणि_क्लच

निरीक्षकसाहेबांशी बहुतांशी सहमत आहे, पण एक गोष्ट त्यांनी सौम्यपणे वगळली. आरसी जिवंत ठेवून गाडीत बदल केला, तर कलम ५२ लागू होते. उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२क आणले. त्याखाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बदल सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी केला की ट्रॅकसाठी, असा भेद या कलमात केलेला नाही.

निवृत्त_निरीक्षक

कलम तसे आहे हे मान्य. मात्र कलम ५२ च्या केंद्रस्थानी आरसीवर लिहिलेला तपशील आहे. चेसिस, इंजिन, वाहनाचा प्रकार, रंग, इंधन यांना धक्का लागला की विषय गंभीर होतो. फेअरिंग, आरसे, सायलेन्सर या गोष्टी पुन्हा बसवता येतात. गाडी रस्त्यावर नसताना केवळ फेअरिंग बदलले म्हणून कोणा निरीक्षकाने गॅरेजात शिरून कारवाई केल्याचे मी माझ्या नोकरीत पाहिले नाही. तरीही तत्त्वाचा प्रश्न तुम्ही योग्य मांडला आहे. वळणवेडा यांनी मूळचे सर्व भाग नीट गुंडाळून, नावे लिहून जपावेत, आणि मागची, सीट पेलणारी उपचौकट कापू नये. ट्रॅकवाल्यांना वजन कमी करण्यासाठी ती कापण्याची हौस असते. कापली की गाडी मूळ स्थितीत परत येत नाही, आणि मग वकीलसाहेबांचा युक्तिवाद माझ्यावर भारी पडेल.

मँचेस्टरकर

बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे. वळणवेडा यांना हवी असलेली ‘झोपवून ठेवण्याची’ सोय येथे आहे. गाडी सार्वजनिक रस्त्यावर नाही, असे सरकारच्या वाहन परवाना कार्यालयाला कळवायचे. त्याला शुल्क नाही, दरवर्षी नूतनीकरण नाही, आणि मग रस्ताकर व विमा दोन्हींतून सूट. अट एवढीच की गाडी खाजगी जागेत उभी असावी आणि रस्त्याने फक्त आधी ठरवलेल्या वार्षिक तपासणीसाठीच न्यावी. गाडी विकली की ही सूचना संपते. नव्या धन्याने पुन्हा कळवायचे.

गंमत म्हणजे येथील नोंदणीच्या कागदावर ‘हा मालकीचा पुरावा नाही’ असे स्वच्छ छापलेले असते. त्यामुळे येथे ट्रॅकच्या गाड्या विकताना खरेदीची बिले, सेवेच्या पावत्या आणि चौकटीच्या क्रमांकावरून कर्ज-चोरीची तपासणी या गोष्टींना फार महत्त्व आहे. तरी कागद हरवलेली, पण एकेकाळी नोंदणी झालेली गाडी कोणी ‘रेस बाईक’ म्हणून विकू लागला तर अनुभवी माणूस दोन पावले मागे सरकतो.

ओहायोचा_विठू

अमेरिकेतही मालकीचा दाखला आणि रस्त्यासाठीची नोंदणी हे दोन स्वतंत्र कागद आहेत. मालकीचा दाखला तुमच्या नावावर ठेवून गाडीची नोंदणी संपू देता येते आणि ट्रॅकच्या असंख्य गाड्या तशाच असतात. अपघातानंतर विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाड्यांचा शिक्का बसलेला दाखलाही चालतो, म्हणून स्वस्त ट्रॅकच्या गाड्या बहुतेक त्याच वाटेने येतात. शर्यतीसाठीच बनलेल्या नव्या गाडीबरोबर उत्पादकाचे मूळ प्रमाणपत्र मिळते. ते जपून ठेवायचे. भारतात हे दोन्ही एकाच कार्डात कोंबले आहे, आणि या धाग्यातल्या निम्म्या अडचणी तेथूनच आलेल्या दिसतात.

चिखलमाती_४५०

नोंदणी न होणाऱ्या गाड्या आपल्याकडे राजरोस, शोरूममधून विकल्या जातात, हे येथे नोंदवले पाहिजे. कावासाकीच्या केएक्स मालिकेतल्या मोटोक्रॉस गाड्या आणि २०२४ च्या अखेरीस भारतात आलेल्या केटीएमच्या एसएक्स मालिकेतल्या गाड्या ही त्याची उदाहरणे. अशी गाडी घेतल्यावर मला जीएसटी इनव्हॉइस मिळाले. त्यावर चेसिस आणि इंजिनचा क्रमांक छापलेला होता आणि वितरकाने ‘सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही’ असा शेरा मारला होता. रस्त्याच्या गाडीबरोबर येणारी नमुना २१ आणि २२ ही प्रमाणपत्रे मिळत नाहीत, कारण त्यांचा उपयोग नोंदणीसाठी असतो.

ते इनव्हॉइस हीच माझी आरसी. गाडी देताना वितरकाने ‘नंतर हवी तर पासिंग करून देऊ’ असेही म्हटले होते. असे कोणी म्हटले तर हसून विषय बदलावा. रस्त्यासाठीची मान्यताच नसलेल्या मॉडेलचे पासिंग होत नाही, एजंट कितीही ओळखीचा असो.

वळणवेडा

मग माझ्या ६०० सीसीकडे या नजरेने कसे पाहावे? विक्रेत्याला पुन्हा विचारले. तो म्हणतो, गाडी २०१९ ची, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे जुने मानक) आहे, वितरकाकडे न विकता पडून राहिली होती, म्हणून नोंदणी झाली नाही.

कलम_आणि_क्लच

मग तर थांबाच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये आदेश दिला होता की १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वाहन देशात कोठेही विकले जाणार नाही आणि त्याची नोंदणीही होणार नाही. आदेशात ‘विक्री’ हा शब्द नोंदणीच्या बरोबरीने आहे. त्या तारखेनंतर वितरकाने ती गाडी कोणाला विकली असेल, तर ‘नोंदणी नको, ट्रॅकसाठी आहे’ या सबबीने तो व्यवहार निर्दोष होतो असे मी कोणत्याही अशिलाला लिहून देणार नाही. झेरॉक्सवरची तारीख पाहा. ती एप्रिल २०२० पूर्वीची असेल तर वेगळा प्रश्न उभा राहतो: तेव्हा नोंदणी शक्य होती, तरी का केली नाही?

निवृत्त_निरीक्षक

आणखी एक तपासा. चेसिसवरचा १७ अक्षरांचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रावरून नव्हे. सुरुवात ‘जे’ने असेल तर गाडी जपानची, ‘एमए’ ते ‘एमई’ असेल तर भारतातली. दहावे अक्षर बहुतेक कंपन्या वर्षासाठी वापरतात. २०१९ साठी ते ‘के’ असते. क्रमांकाभोवती घासल्याच्या, रंगाच्या जाड थराच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर पुढचे बोलणे बंद करा.

गाडी परदेशी असेल तर सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, मागा आणि त्यात काय लिहिले आहे ते बघा. पूर्ण गाडी सुटी करून ‘मोटरसायकलचे सुटे भाग’ म्हणून आणण्याचा उद्योग जुना आहे. सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा नियम असा की सुट्या अवस्थेतल्या वस्तूला पूर्ण वस्तूचे मूळ स्वरूप असेल, तर तिच्यावर पूर्ण वस्तूचेच शुल्क बसते. अशी गाडी पकडली गेली तर जप्ती ज्याच्या ताब्यातून व्हायची त्याच्याच ताब्यातून होते. आणणारा तोवर मोकळा झालेला असतो. शर्यतीसाठी कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, आणलेली परदेशी गाडी असेल, तर ती मुदतीत परत पाठवण्याच्या अटीवर आलेली असते. तिला भारतात विकण्याचा हक्कच नसतो.

चोरीच्या नोंदीत गाडी आहे काय, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वाहन समन्वय या संगणकीय सेवेवर तपासता येते. तो शोध घेऊन त्याची छापील प्रत ठेवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि किंमत मोहात पाडणारी असणे हे ‘कारण’ म्हणून तपास अधिकारी सर्वांत आधी पुढे करतो.

टेम्पोभाडे

या सगळ्यातून गाडी सहीसलामत निघाली, तर करारनामा कसा करावा तेही लिहितो, कारण आमच्या गटात हे आता रुळले आहे. महाराष्ट्रात आता ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. त्यावर चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, रंग, आधीच्या प्रत्येक मालकाचे नाव व त्याने कोणाला कधी विकली, नोंदणी न होण्याचे कारण, कर्ज वा बोजा नसल्याची हमी आणि मालकीचा वाद निघाल्यास पूर्ण रक्कम परत करण्याची अट हे सर्व यावे. नोटरीपुढे दोघांनी सही करावी. पैसे बँकेतून द्यावेत, रोख देऊ नयेत. वर्षभराने बँकेचे विवरणपत्रच सर्वांत बोलका साक्षीदार ठरते. मूळ इनव्हॉइस मिळाल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नये. मूळ हरवले असे विक्रेता म्हणाला, तर वितरकाकडून साक्षांकित दुसरी प्रत त्यानेच आणून द्यावी. ती आणायला तो टाळाटाळ करू लागला, तर तुम्हाला हवे ते उत्तर तेथेच मिळते.

घाटातला_गिअर

माझा वरचा प्रतिसाद घाईत लिहिलेला होता. पहिल्या मालकाचा विचार कोणी करत नाही हे खरे आहे. विम्याचे काय पण? आरसी जिवंत ठेवली तर विमाही भरत राहायचा?

कलम_आणि_क्लच

तृतीय पक्ष विमा कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणच्या वापरासाठी सक्तीचा आहे. तरीही मी तो चालू ठेवण्याचा सल्ला देतो, कारण ‘सार्वजनिक ठिकाण’ ही कल्पना आपल्या समजुतीपेक्षा रुंद आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने विम्याच्या संदर्भात असे ठरवले की खाजगी मालकीच्या जागेतसुद्धा लोकांना, नियंत्रित स्वरूपात का होईना, प्रवेश असेल तर ती सार्वजनिक जागा ठरू शकते. सोसायटीच्या वाहनतळात गाडी सुरू करून पुढे-मागे करताना कोणाच्या पायावर गेली, तर हा वाद तुमच्या दारात येईल. ३५० सीसीवरील दुचाकीसाठी २०२२ मध्ये ठरलेला तृतीय पक्ष हप्ता वर्षाला २,८०४ रुपये आहे.

सर्वंकष विमा मात्र ट्रॅकसाठी निरुपयोगी समजा. वापराच्या मर्यादांत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि शर्यतीसाठी गती ठरवून देणे या गोष्टी स्पष्टपणे वगळलेल्या असतात. ट्रॅकवर पडून ‘घाटात घसरलो’ असे सांगून दावा लावणारे महाभाग आहेत. डेटा लॉगर (गाडीचा वेग आणि जागा नोंदवणारे यंत्र) आणि समाजमाध्यमांवरची छायाचित्रे यांमुळे ते आता लवकर सापडतात, आणि खोटा दावा हा साधा फेटाळण्याचा विषय राहत नाही.

वळणवेडा

सर्वांचे ऋण मानावे तेवढे थोडे आहेत. ३९० ची आरसी ठेवतो, पाटी लावून घेतो, तृतीय पक्ष विमा चालू ठेवतो आणि मूळ भाग जपून ठेवतो. ६०० सीसीच्या विक्रेत्याला मूळ इनव्हॉइस आणि मधल्या विक्रीचा कागद मागितला आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही आणि ते येईल असे आता वाटतही नाही.

शेवटचे एक विचारतो. ३९० चे इंजिन ट्रॅकवर निकामी झाले, तर मी दुसऱ्या मोडक्या ३९० चे इंजिन आणून बसवणार. आरसीवरचा इंजिन क्रमांक मग जुळणार नाही.

निवृत्त_निरीक्षक

इंजिन बदलले की कलम ५२ खाली १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नवा क्रमांक घालून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिन कोठून आले त्याचे बिल लागते, म्हणून मोडक्या गाडीचे इंजिन घेताना तिच्या आरसीची प्रत आणि मालकाचे विक्रीपत्र सोबत घ्या. भंगारवाल्याची चिठ्ठी चालणार नाही. जुने इंजिनही लगेच विकू नका. नव्या क्रमांकाची नोंद आरसीवर चढेपर्यंत ते घरीच राहू द्या, आणि नंतर विकलेत तर त्याच्या क्रमांकासह पावती करून एक प्रत फाईलला लावा.